लाल गोल, लाल चौकोन

चीफ युरोपात कधी गेले नाहीत. अमेरिकेतही नाही. वसईहून निघाले ते थेट दुबईला उतरले, आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी दुबई ते वसई, एवढाच त्यांचा जगप्रवास. पण युरोपातला माणूस खिडकी कशी उघडतो आणि अमेरिकेतला माणूस पेल्यात बर्फ किती घालतो, यावर त्यांची मतं इतकी पक्की होती की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे राहतो.

ही विद्या त्यांना ड्रॉइंगमधून मिळालेली. दुबईतल्या रास अल खोरला आमचं लाकूडकामाचं वर्कशॉप होतं. हॉटेलांच्या खोल्यांसाठी कपाटं, पलंग, टेबलं आम्ही करत असू. ते तिथले हेड ड्राफ्ट्समन, म्हणून सगळे त्यांना चीफ म्हणत. मी प्रॉडक्शनला होतो. कोणती फळी कधी कापायची आणि कोणत्या सुताराने काय करायचं, हे बघणारा. बाहेरून ड्रॉइंग आलं की आम्ही बाकीचे मापं बघायचो. चीफ त्यात राहायला येणारी माणसं बघायचे.

"हे बघ," ते मला बोलावून दाखवत, "कपडे धुवायचं मशीन स्वयंपाकघरात आहे. म्हणजे युरोप. तिथली बाई भाजी चिरता चिरता कपडे धुते. आणि हे बघ. मशीनला स्वतंत्र खोली, शेजारी वाळवायला दुसरं मशीन. अमेरिका. त्यांच्याकडे ऊन नाही का? भरपूर आहे. दोरी बांधायचा कंटाळा!"

दिव्याच्या बटणापासून काट्या-चमच्यापर्यंत कोणतीही वस्तू या निकालातून सुटत नसे. अमेरिकेत बटण वर केलं की दिवा लागतो, आपल्याकडे खाली केलं की लागतो. यात आपली पद्धत श्रेष्ठ, कारण झोपेत हात नुसता खाली पडला तरी काम होतं. अमेरिकेत जमिनीवर उभा असलेला माणूसही पहिल्या मजल्यावर असतो, ही त्यांच्या मते निव्वळ फुशारकी. अमेरिकन माणूस आधी सुरीने सगळं मांस कापून घेतो, मग काटा डाव्या हातातून उजव्या हातात घेतो. युरोपियन एकेक तुकडा कापतो आणि एकेक खातो, काटा डाव्या हातातून हलवत नाही. हे दाखवताना चीफ स्वतः डब्यातली बांगड्याची आमटी आणि भात हाताने कालवत असायचे. इंग्लंडला ते युरोपात धरत नसत. "एका नळातून भाजणारं पाणी, दुसऱ्यातून गोठवणारं, आणि मध्ये माणसाने ओंजळ इकडून तिकडे नाचवायची. हे काय राज्य करणारे लोक?"

एकदा मी त्यांना अडचणीत आणायचं म्हणून विचारलं, "चीफ, आणि संडासातला जेट-स्प्रे? तो युरोपचा की अमेरिकेचा?"

चीफनी चष्मा काढून पुसला. "कुणाचाच नाही. त्या बाबतीत दोघांचाही कारभार कागदोपत्री आहे."

आमचं बिऱ्हाड इथे आलं त्या पहिल्या उन्हाळ्याची गोष्ट. बायकोला येऊन आठवडा झालेला, जुलै महिना. सकाळी तिने गारचा नळ सोडला तर हात पोळला. ती घाबरून मला फोन करते आहे, मी ऑफिसात कुणाला सांगू ते कळेना, तेवढ्यात चीफनी माझ्या हातातून फोन घेतला. "वहिनी, गिझर बंद करा. आणि उद्या सकाळी अंघोळीला गरमचा नळ सोडा. गारच्याला हात लावू नका." दुसऱ्या दिवशी बायकोने तसं केलं, तर गार पाणी आलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने तापलेलं, आणि बंद गिझरमधलं एसीच्या घरात राहून निवलेलं. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ही युक्ती माहीत आहे, पण पहिल्यांदा सांगणारा माणूस देवासारखा वाटतो. "गारचा नळ गरम आणि गरमचा नळ गार," चीफ म्हणाले. "युरोप-अमेरिकेला आयुष्यात सुचलं नसतं." त्या दिवसापासून माझी बायको त्यांना भाऊजी म्हणू लागली, आणि दर नाताळात त्यांच्या घरून करंज्यांचा डबा आमच्याकडे येऊ लागला.

त्यांचं सगळ्यात जास्त प्रेम होतं ते कागदावर. ए-फोर कागदावर. युरोपने जगाला दिलेल्या गोष्टींत ते याला सर्वांत वर ठेवत. ऑफिसात कुणीही नवा आला की त्याच्यासमोर कागद धरून मधोमध दुमडत. "बघ. अर्धा झाला. आकार बदलला? नाही. लांबी-रुंदीचं प्रमाण तेच. अजून अर्धा कर. तेच! आता अमेरिकेचा कागद घे. एकदा दुमडला की बेढब." मग तो दुमडलेला कागद खिशात ठेवून म्हणत, "अर्धं झाल्यावर कळतं कोण कसं आहे ते."

आता जे सांगायचं म्हणून मी हे लिहायला बसलो, त्याकडे येतो. त्यासाठी चीफची लाल पेन्सिल समजावून सांगायला हवी.

कपाटाचं ड्रॉइंग म्हणजे कागदावर दोन-तीन चित्रं असतात. एक समोरून पाहिलेलं, एक बाजूने पाहिलेलं. गंमत अशी की बाजूचं चित्र कागदावर कुठे काढायचं, यावर जगाचं एकमत नाही. अमेरिकेत उजव्या बाजूचं चित्र समोरच्या चित्राच्या उजवीकडे काढतात. युरोपात उजव्या बाजूचं चित्र डावीकडे काढतात. भारतात आम्ही शिकलो ती पद्धत युरोपची. चीफ हे असं समजावत: "युरोपियन माणूस वस्तूमागे भिंत ठेवतो आणि तिच्यावर पडलेली सावली काढतो. अमेरिकन माणूस वस्तूपुढे काच धरतो आणि काचेवर गिरवतो. दोघंही खरंच बोलतात. पण कोण बोलतोय ते आधी कळायला हवं."

दुबईत दोन्हीकडची ड्रॉइंगं येतात. म्हणून चीफचा नियम होता. ड्रॉइंग आलं की ते आधी तपासायचे आणि वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने खूण करायचे. युरोप असेल तर गोल, अमेरिका असेल तर चौकोन. ती खूण असल्याशिवाय वर्कशॉपमध्ये करवत लागत नसे. त्यांच्या गोलाचीही एक लकब होती. टोकं जुळायच्या आत ते पेन्सिल उचलायचे, त्यामुळे गोल कायम किंचित उघडा राहायचा. हे मी रोज पाहत होतो.

त्या दिवशी सकाळी एका हॉटेलच्या कपाटाचं ड्रॉइंग आलं. चौऱ्याण्णव खोल्या, चौऱ्याण्णव कपाटं. चीफ डोळे तपासायला क्लिनिकला गेलेले. आमचा लेबनीज मॅनेजर दर दहा मिनिटांनी माझ्या टेबलाशी येत होता. "यल्ला हबीबी, कटिंग! टुडे कटिंग!" मी चीफच्या टेबलाशी गेलो. ड्रॉइंग वरच होतं, खूण नव्हती. मी मापं पाहिली. मिलिमीटरमध्ये होती. अमेरिकन माणूस इंचात मोजतो, हे मला चीफनीच शिकवलेलं. म्हणजे युरोप. मी चीफचा खण उघडला, लाल पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यात गोल काढला. चांगला, टोकं नीट जुळवलेला. ड्रॉइंग खाली पाठवलं.

दुबईच्या कामासाठी अमेरिकन माणूसही मिलिमीटरमध्ये मापं देतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ड्रॉइंगवरच्या तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर होता, तेही मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, कारण बावीस नावाचा महिना युरोपात नसतो. पद्धत दाखवणारं छोटं चिन्ह खालच्या कोपऱ्यात होतं, तेही पाहिलं नाही. मी चीफकडून एकच गोष्ट शिकलो होतो आणि तेवढ्यावर त्यांची पेन्सिल उचलली.

प्रत्येक कपाटाच्या खालच्या कप्प्यात छोटा फ्रिज बसणार होता. त्याच्या वायरला आणि हवेला कपाटाच्या उजव्या बाजूला भोकं हवी होती, कारण भिंतीतला प्लग उजवीकडे होता. आम्ही चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव कपाटांना भोकं डावीकडे पाडली. समोरून पाहिलं तर कपाटं अगदी बरोबर. हॉटेलात नेऊन बसवली तेव्हा कळलं.

मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. ड्रॉइंग टेबलावर पसरलं. कोपऱ्यात लाल गोल.

चीफनी नवा चष्मा लावून तो गोल बराच वेळ पाहिला. "हा गोल माझा नाही," ते म्हणाले.

"देन हूज?" मॅनेजरने विचारलं.

चीफनी चष्मा काढून पुसला, नाव कुणाचं घेतलं नाही.

"माझा गोल मिटत नाही," एवढंच ते पुन्हा म्हणाले. "हा मिटलेला आहे."

कुणीतरी मागून म्हणालं, "गोल भी किसी का होता है क्या, चीफ?" आणि हशा झाला. मॅनेजरही हसला. "चीफ, हबीबी, फॉर यू एव्हरीथिंग इज युरोप!" पुन्हा हशा. त्या हसण्यात मी होतो. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस हसता हसता माझ्या खांद्यावर हात मारत होता आणि मीही त्याच्या.

माझा मुलगा तेव्हा बारावीत होता, बायकोच्या माहेरची एक अडचण होती, मॅनेजर मला वर घेणार असं बोलणं चाललं होतं. ही कारणं मी तेव्हा स्वतःला रोज सांगत असे. आज ती लिहून पाहिली तर एका ओळीत मावली.

चीफना काढलं नाही. मॅनेजरचा त्यांच्यावर जीव होता. पण लाल पेन्सिलीचं काम त्यांच्याकडून गेलं. "डोळे अधू झालेत," असं ठरलं, आणि त्यांना साइटवर मापं घ्यायच्या कामावर पाठवलं. पुढे सहा महिन्यांनी मी टेक्निकल मॅनेजर झालो, आणि खूण करायचं काम माझ्याकडे आलं.

खरं सांगायचं तर चीफ त्या नव्या कामावर दुःखी वगैरे दिसले नाहीत. उलट आता त्यांना खरीखुरी घरं आत जाऊन बघायला मिळत होती. दुपारी घामाने भिजून परत येत आणि पाण्याचा पेला हातात घेऊन सुरू होत. "आज जर्मन खिडकी पाहिली! एकच मूठ. आडवी केली की दारासारखी उघडते, वर केली की नुसती वरून कलते, वाऱ्यापुरती. मी दहा वेळा उघडली. घरमालकीण म्हणाली, मापं झाली असतील तर बंद करा, एसी चालू आहे." नाताळात करंज्यांचा डबा येत राहिला. मी तो खात राहिलो.

इथवर झालं ते भित्रेपण म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढचंही लिहायला हवं. उलट्या कपाटांचा किस्सा आपल्या मराठी मंडळींत पसरला आणि तो पसरवणाऱ्यांत मी पहिला होतो. कोजागरीला, हळदीकुंकवाला आलेल्या नवरेमंडळींत, कुणाच्या निरोपाच्या जेवणात. "आमच्याकडे एक चीफ होते, सगळीकडे युरोप दिसायचा..." मी त्यांच्यासारखा चष्मा पुसून दाखवत असे. "माझा गोल मिटत नाही" हे वाक्य मी त्यांच्या आवाजात म्हणत असे, आणि लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहत. एखादी गोष्ट आपण विनोद करून सांगितली की आपल्यावर कुणाचा संशय येत नाही. हे मी ठरवून केलं नाही, पण पंचवीस वर्षं केलं.

गेल्या गणपतीत ऊद मेथाच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. जेवणाच्या पंक्तीत एका तरुण मुलाने हाच किस्सा सांगितला. त्याने चीफना कधी पाहिलेलं नाही. त्याच्या किश्श्यात कपाटांची दारंच भिंतीकडे उघडत होती आणि चीफ आंधळे होते. सगळे हसले. माझ्या शेजारी माझी नात बसली होती, नऊ वर्षांची. तिने पुरीचा तुकडा हातात धरून मला विचारलं, "आजोबा, वॉज ही स्टुपिड?"

मी म्हणालो, "नाही."

"देन व्हाय आर दे लाफिंग?"

याला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते आधी दुसऱ्या कुणाला तरी देणं भाग होतं.

चीफ आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते आणि त्यांच्या पत्नी मुलीकडे इंटरनॅशनल सिटीत राहतात. तिथल्या इमारतींच्या वस्त्यांना देशांची नावं आहेत, आणि यांचं घर फ्रान्समध्ये. त्या आठवड्यात मी फोन करून गेलो. दार त्यांनीच उघडलं.

"ये! ये! शेवटी मी युरोपात राहायला आलोच की नाही? रोज सकाळी चालत स्पेनला जातो, दूध घेऊन येतो. आणि एक लक्षात आलं का तुझ्या? इंग्लंड आहे, रशिया आहे, चीन आहे. अमेरिका नाही! इंटरनॅशनल सिटी म्हणतात आणि अमेरिकाच नाही. कुणीतरी विचार करून बांधलंय."

मी म्हणालो, "चीफ, मला एक बोलायचं होतं."

"आधी मशीन बघ." त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "समोरून उघडणारं. पाणी अर्धं लागतं. मुलगी वरून उघडणारं आणत होती, मी म्हटलं, बाई, आपण फ्रान्समध्ये राहतो."

"चीफ, ती कपाटं..."

"आणि हा मिक्सरचा नळ बघ, गरम-गार एकत्र. एका बोटाने..."

"अहो," त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "त्यांना बोलू तरी द्या. इतक्या उन्हाचे आलेत."

बाहेर येऊन आम्ही बसलो. मी सांगितलं. फार वेळ लागला नाही. पंचवीस वर्षं ज्याला घाबरलो ते चार-पाच वाक्यांत संपलं. तो गोल मी काढला. तुमच्या खणातली पेन्सिल घेऊन. मिलिमीटर पाहून. आणि नंतर तुमच्या नकला केल्या.

चीफ उठले, टीव्हीखालच्या कप्प्यातून एक ए-फोर कागद आणि पेन्सिल काढली, आणि माझ्यासमोर ठेवली.

"कपाट काढ. समोरून. आता उजवी बाजू काढ. युरोपची."

मी डावीकडे काढली.

"अमेरिकेची."

उजवीकडे काढली. रेघा वाकड्या आल्या.

"येतंय तुला," ते म्हणाले. आणि एकदम त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे... मंगळूरवाला नव्हता?"

मला कळेना. मंगळूरवाला म्हणजे त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन. तेव्हा पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, कामाला चोख. त्याचं इथे काय?

"मी दुसऱ्या दिवशी आलो तर ड्रॉइंग टेबलावर नव्हतं," चीफ म्हणाले. "विचारलं, तर तोच म्हणाला, प्रॉडक्शनला गेलं. मी धरून चाललो की त्याने खूण करून पाठवलं. त्याला मी शिकवलं होतं ना, बरोबरच केलं असेल म्हणून बघितलं नाही. मग मीटिंगमध्ये तो गोल पाहिला. म्हटलं, हा या पोराचा. नाव घेतलं तर नोकरी जाईल, दोन मुलं आहेत. म्हणून गप्प बसलो."

"तुम्ही त्याला वाचवायला गप्प बसलात?"

"वाचवायला कसला! फार रागावलो होतो मी." त्यांनी चष्मा काढला. "त्याला कधी करंज्या दिल्या नाहीत. सगळ्या ऑफिसला डबे जायचे, त्याला नाही. चर्चमध्ये संध्याकाळच्या मासला तो यायचा म्हणून मी सकाळच्या मासला जायला लागलो. तो दुबई सोडून मंगळूरला गेला तेव्हा भेटायला आला होता, तर मी अंघोळीला गेलोय म्हणून सांगायला लावलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुला पंचवीस वर्षं डबा पाठवला!"

हे म्हणताना ते चिडलेले होते. पहिल्यांदाच. आणि मला फार बरं वाटलं.

"फोन लाव," ते म्हणाले. "नंबर आहे माझ्याकडे. दर नाताळात तो मेसेज पाठवतो, मी उत्तर देत नाही."

मी लावला, स्पीकरवर ठेवला. चार-पाचदा घंटी वाजल्यावर आवाज आला, "चीफ! आप? सब ठीक है ना?"

"सुन," चीफ खाकरले. "वो गोल तेरा नहीं था."

"कौनसा गोल?"

"कपाट वाला. लाल गोल. मैं समझा तूने किया."

मग तो म्हणाला, "मैंने? नहीं चीफ. मैंने तो उस दिन देखा भी नहीं. वो तो प्रॉडक्शन वाले साब लेके गए थे."

प्रॉडक्शनवाले साब फोन हातात धरून बसले होते.

"तो पूछा क्यों नहीं तूने मुझसे," चीफ म्हणाले, "कि मैं तुझे करंजी क्यों नहीं देता?"

"मुझे शुगर है ना, चीफ! मैं घर में सबको बोलता था, देखो, एक ही आदमी है ऑफिस में जो मेरी तबियत का खयाल रखता है."

चीफच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्या आधी हसल्या, मग त्यांनी पदराने डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. चीफ मात्र हसले नाहीत. ते फोनजवळ तोंड नेऊन मोठ्याने म्हणाले, "इस साल भेजूंगा. बिना शक्कर का." पत्नी म्हणाल्या, "बिनासाखरेची करंजी मी करणार नाही, आधीच सांगते." त्यावर मंगळूर आणि फ्रान्समध्ये बराच वेळ बोलणं चाललं, अर्धं हिंदीत आणि अर्धं कोकणीत. मी बाजूला बसून माझी वाकडी कपाटं बघत होतो.

निघताना मी म्हणालो, "चीफ, मला माफ..."

"ते राहू दे," ते म्हणाले. "तू लिही. मंडळाचा दिवाळी अंक निघतो ना, त्यात. जिथे जिथे तो किस्सा सांगितलास, ते सगळे तो अंक वाचतात. माफी-बिफी लिहू नको, वाचणाऱ्याला कंटाळा येतो. एवढंच लिही की मला फरक कळत होता. लोक मला विक्षिप्त म्हणतात, म्हणोत. आहेच मी. पण चौऱ्याण्णव कपाटं उलटी करणारा ड्राफ्ट्समन मी नव्हे."

म्हणून लिहितो. रास अल खोरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये जी कपाटं उलटी झाली, त्या ड्रॉइंगवरची खूण मी केली होती. चीफ त्या वेळी ऑफिसात नव्हते. त्यांनी ते ड्रॉइंग पाहिलं असतं तर तारखेवरूनच ओळखलं असतं. मंगळूरच्या ड्राफ्ट्समनचाही त्यात काही संबंध नव्हता. ज्यांना तो किस्सा सांगायची सवय आहे, त्यांनी सांगत राहावा, चांगला किस्सा आहे. फक्त त्यातला माणूस बदलावा. नातीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सो यू वेअर द स्टुपिड वन," आणि अभ्यासाला निघून गेली. तिच्यापुरतं ते खलास झालं.

लेख लिहून झाल्यावर मी तो हाताने ए-फोर कागदांवर उतरवला आणि पुन्हा फ्रान्सला घेऊन गेलो. चीफनी खिडकीशी बसून सगळा वाचला. जर्मन खिडकीची मूठ मी उलटी लिहिली होती ती दुरुस्त करायला लावली. बांगड्याची आमटी नव्हती, सुरमईची होती, असं म्हणाले. पण त्यांच्या पत्नी म्हणाल्या, बांगडाच असायचा, म्हणून बांगडा राहिला. मग ते पहिल्या पानाकडे परत गेले. वर मी तारीख घातली होती, आधी दिवस, मग महिना. त्यावर त्यांनी बोट ठेवलं, कागदाची कड चाचपली, आणि खिशातून लाल पेन्सिल काढली. बोटाएवढी उरलेली.

ते पान आत्ता माझ्यासमोर आहे. वरच्या कोपऱ्यात लाल गोल आहे. टोकं जुळलेली नाहीत.